साठ अंश लिहिले आणि त्रिकोण मिटलाच नाही

कासव पडद्याच्या मधोमध उभं आहे, तोंड उजवीकडे. हे कासव म्हणजे प्रोग्रॅमच्या आज्ञेने चालत मागे रेघ ओढणारं पडद्यावरचं चिन्ह. फॉरवर्ड म्हणजे तेवढी पावलं पुढे, राइट म्हणजे जागच्या जागी तेवढे अंश उजवीकडे. सातवीतली एक मुलगी समभुज त्रिकोण काढायला बसली आहे. तिने या सहा ओळी लिहिल्या:

फॉरवर्ड(१००)
राइट(६०)
फॉरवर्ड(१००)
राइट(६०)
फॉरवर्ड(१००)
राइट(६०)

प्रोग्रॅम चालवला, तर विळ्यासारखी वाकलेली तीन तुकड्यांची रेघ आली, डावीकडे सताड उघडी. "बाई, बरोबर साठच लिहिलंय की! कासवच चुकतंय."

मुलगी इथे नमुन्यादाखल समोर ठेवली आहे. चूक मात्र नमुन्याची नाही. कासवाकडून आकृत्या काढून घेत प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात ती पहिल्या-दुसऱ्या तासाला येतेच, शिकणारा दहा वर्षांचा असो की चाळीस. ती घाईने दुरुस्त केली की त्रिकोण मिळतो आणि बाकी सगळं हातातून जातं. तिला थोडा वेळ दिला, तर लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं), चल (संख्येच्या जागी नाव) आणि फंक्शन (नाव दिलेला आज्ञांचा गट) तिच्याच पोटातून बाहेर येतात. म्हणून या एका चुकीचा पूर्ण तपास इथे मांडला आहे.

आधी साहित्य. पायथन ३ ही प्रोग्रॅमिंगची भाषा संगणकावर टाकली की टर्टल मॉड्यूल, म्हणजे कासवाच्या तयार आज्ञांचा संच, तिच्यासोबतच येतं, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. उबुंटूसारख्या लिनक्सवर खिडकी उघडण्यासाठी पायथन३-टीके हे पॅकेज बहुतेकदा वेगळं टाकावं लागतं, तेवढं तासाच्या आदल्या दिवशी तपासून ठेवावं. पहिली ओळ 'फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *' आणि शेवटची 'डन()'. ही शेवटची ओळ राहिली आणि फाइल डबल-क्लिक करून चालवली, तर चित्र पुरं होताच खिडकी मिटून जाते आणि मुलांना वाटतं काही झालंच नाही. आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच टाइप करायच्या. इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

एक सापळा इतका ठरलेला आहे की तो तासाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावा: आपल्या फाइलला 'टर्टल' असं नाव द्यायचं नाही. दिलं, तर इम्पोर्ट करताना पायथन आपलं मॉड्यूल सोडून मुलीचीच फाइल उचलतं, तिच्यात फॉरवर्ड नसतं, आणि लाल अक्षरांत भलतीच तक्रार येते. 'त्रिकोण१' किंवा 'चित्र' चालेल. आधी चुकून तसं नाव दिलेलं असेल, तर नुसती नवी फाइल करून भागत नाही. त्या फोल्डरमधली जुनी फाइलही हटवावी लागते.

एका संगणकावर दोघं बसवावेत. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने चौकटीच्या वहीत, एक चौकट म्हणजे २० पावलं धरून, चालवण्याआधी अंदाज काढायचा. हा अंदाज फार मोलाचा आहे. तो नसेल, तर पडद्यावर जे येईल ते मूल "हेच हवं होतं" म्हणून मोकळं होतं आणि चूक सापडण्याची जागाच उरत नाही.

आता मूळ प्रश्न. तिने ६० का लिहिलं? तिला गणित येतं म्हणून. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे पुस्तकात आहे, तिने पाठही केलं आहे. शिवाय त्याआधीच्या तासाला तिने चौरस काढला होता. चौरसाचा कोन ९०, लिहिले ९०, चौरस आला. तिथे तिच्या मनात एक नियम पक्का झाला: आकृतीचा जो कोन, तोच कासवाला सांगायचा. नियम चुकीचा होता, पण चौरसाने त्याला बरोबरची खूण दिली. चौरसाचा आतला कोन ९० आणि कोपऱ्यावर घ्यायचं वळण १८० वजा ९०, म्हणजे पुन्हा ९०. दोन वेगळ्या गोष्टींची किंमत एकच आली, म्हणून फरक दिसला नाही.

चौरस सोपा म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि त्यात गैर काही नाही. पण चौरसानंतर आयत, मग जिना, मग चौरसांची रांग असं नव्वदच्या वळणातच चार तास घालवणं आम्हाला धोक्याचं वाटतं. तेवढ्यात तो खोटा नियम मुरतो. चौरस झाला की त्याच तासाला त्रिकोण द्यावा, म्हणजे चूक ताजी असतानाच वर येते.

मुलीची रेघ कुठे पोचली ते मोजून पाहता येतं. प्रोग्रॅम संपल्यावर पोझिशन(), म्हणजे कासवाची जागा, विचारलं, तर उत्तर येतं (१००.००, -१७३.२१): सुरुवातीपासून १०० उजवीकडे, १७३.२१ खाली. हेडिंग(), म्हणजे तोंडाची दिशा, विचारलं तर १८०, म्हणजे कासवाचं तोंड आता डावीकडे. निघालं उजवीकडे तोंड करून, तीन वळणांत अर्धा फेरा झाला. आणि सुरुवातीच्या जागेपासून सरळ अंतर २०० पावलं, बाजूच्या नेमकं दुप्पट. हे आकडे तिच्या वहीत लिहून घ्यावेत, थोड्याच वेळात लागतात.

शिक्षकाच्या तोंडी इथे "एकशेवीस लिही" येतं. ते गिळावं. १२० लिहून त्रिकोण मिळेल, आणि पंचकोन आला की मुलगी १०८ लिहील आणि पुन्हा विचारायला येईल.

त्याऐवजी सांगावं, "पुसू नकोस गं. अजून तीनदा तेच लिही."

सहा ओळींच्या बारा झाल्या. कासव आणखी तीन बाजू चाललं आणि निघालं होतं त्याच जागी येऊन, त्याच दिशेला तोंड करून थांबलं. पडद्यावर सुसम षटकोन. आधीची विळ्यासारखी रेघ म्हणजे षटकोनाचा अर्धा भाग होता, आणि ते २०० पावलांचं अंतर म्हणजे षटकोनाचा समोरासमोरच्या शिरोबिंदूंना जोडणारा कर्ण. चुकलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच आकृतीचा बरोबर प्रोग्रॅम निघाला. मुलांच्या चेहऱ्यावर या क्षणी जे उमटतं, त्यासाठी दहा मिनिटं खर्च झाली तरी करावीत.

मग फळ्यावर दोनच ओळी: षटकोन, ६ वळणं, प्रत्येक ६०. चौरस, ४ वळणं, प्रत्येक ९०. गुणाकार मुलांनीच करायचा. दोन्हीकडे ३६०. "मग त्रिकोणाला वळणं किती?" तीन. आता १२० तिच्या तोंडून येतं, आणि ते तिचं असतं.

तरी एक शंका उरते आणि ती चांगली मुलं विचारतातच: मग पुस्तकातले ६० अंश गेले कुठे? याचं उत्तर पडद्यावर शोधू नये, जमिनीवर शोधावं. सहा मीटर सुतळी घ्यावी, दोन-दोन मीटरवर गाठी माराव्यात, टोकं बांधावीत आणि तिघांनी तीन गाठी धरून ताणावं. समभुज त्रिकोण तयार. खडूने आखून घ्यावा. एका मुलीने एका बाजूवरून चालत कोपऱ्यापर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. तोंड अजून सरळ पुढेच आहे. त्याच दिशेने खडूची रेघ हातभर पुढे वाढवावी. आता तिला या वाढवलेल्या रेघेपासून पुढच्या बाजूपर्यंत अंग वळवायचं आहे. फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक तिच्या पावलांपाशी ठेवून मोजलं, की १२० येतात. मागे राहिलेल्या बाजूत आणि पुढच्या बाजूत मोजले, तर ६०. दोन्ही कोन एकाच सरळ रेघेवर शेजारी बसलेले, बेरीज १८०. भूमितीत ज्याला बाह्यकोन म्हणतात, तो हाच. इथे तो पायाखाली सापडतो.

हे चालणं म्हणजे कंटाळा घालवायचा खेळ नव्हे. कासवाची कल्पनाच त्यावर उभी आहे. १९६७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फोर्झाइग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली. पुढे तिला जोडलेलं कासव सुरुवातीला जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पोटाशी पेन लावलेलं. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेंबरोबर काम करून आले होते. मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवावं आणि आपल्या अंगाच्या ज्ञानातून भूमिती काढावी, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. कासवाला अक्ष, निर्देशांक काही माहीत नसतं. त्याला फक्त पुढे जाणं आणि आपल्या जागी वळणं कळतं, आणि तेवढं तर रांगणाऱ्या बाळालाही कळतं. जाता जाता एक फरक लक्षात ठेवावा: लोगोचं कासव वर तोंड करून उभं असतं, पायथनचं उजवीकडे. जुन्या पुस्तकातलं चित्र पायथनमध्ये आडवं दिसलं, तर कारण हे.

१२० बसल्यावर लूप आणायला हरकत नाही. मुलीच्या सहा ओळींत दोनच ओळी तीनदा आल्या आहेत, हे तिला दिसतंच:

फॉर आय इन रेंज(३):
    फॉरवर्ड(१००)
    राइट(१२०)

इथे हमखास एक घोटाळा होतो. राइटची ओळ आत सरकवायची राहते. मग पायथन फॉरवर्ड तीनदा चालवतं आणि वळण शेवटी एकदाच घेतं. पडद्यावर ३०० पावलांची एक सरळ रेघ. कुठलीही लाल तक्रार येत नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. "लूपच्या आत काय आहे आणि बाहेर काय?" हा एवढाच प्रश्न विचारावा. पुढे कितीही मोठे प्रोग्रॅम लिहिले, तरी तो प्रश्न कामाला येतो.

यानंतर संख्येच्या जागी नाव येतं, आणि हा टप्पा ३६० च्या गुणाकारातून आपोआप येतो:

डेफ बहुभुज(बाजू, लांबी):
    फॉर आय इन रेंज(बाजू):
        फॉरवर्ड(लांबी)
        राइट(३६० / बाजू)

पाचाला ७२, आठाला ४५. सातावर थांबावं आणि मुलांना हाताने भागाकार करू द्यावा: ५१.४२८ आणि पुढे संपतच नाही. कुणीतरी ५१ लिहून टाकतं. सात वळणं मिळून ३५७ होतात, ३ अंश कमी पडतात, आणि १०० पावलांच्या बाजूला सुमारे ६ पावलांची फट राहते. बारीक असते, पण नीट पाहिलं तर दिसते. भागाकाराची एक तिरकी रेघ द्यायच्या ऐवजी दोन दिल्या, तर पायथन अपूर्णांक टाकून देतं आणि नेमकी हीच फट पडते. संगणकाला आकडा काढून देऊ नये, ३६० / ७ असंच लिहावं.

बाजू वाढवत नेल्या की आकृती खिडकीबाहेर जाते. पायथनची खिडकी मुळात पडद्याच्या निम्म्या रुंदीची आणि पाऊण उंचीची असते. १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर मध्यापासून खाली मिळतात २८८ ठिपके, आणि १०० बाजूचा दशकोन ३०८ उंच होतो. लांबीच्या जागी ६०० / बाजू लिहिलं, की परिमिती तेवढीच राहते आणि चित्र खिडकीत बसतं. ३६० बाजू, प्रत्येकी १ पाऊल, वळण १ अंश: हे तर वर्तुळच दिसतं, त्रिज्या साधारण ५७. बाकी वर्तुळावर इथे वेळ घालवायची गरज नाही.

घर काढताना तीच मुलगी पुन्हा अडकते, आणि ही अडचण पहिलीची सख्खी बहीण आहे. चौरस तयार आहे, त्रिकोण तयार आहे, दोघांत राइट. तिने लिहिलं: आधी चौरस, मग त्रिकोण. छप्पर घराच्या आत उलटं लटकलं, टोक जमिनीपासून १३ पावलांवर. कारण साधं आहे. उजवीकडे वळत काढलेला चौरस कासवाच्या खाली उतरतो आणि सुरुवातीची बाजू त्याची वरची कड होते. त्याच कडेवरून पुन्हा उजवीकडे वळत त्रिकोण काढला, तर तोही खालीच उतरणार. त्रिकोणात राइटच्या जागी लेफ्ट केलं की छप्पर वर बसतं, दुसरं काही हलवावं लागत नाही.

पण ज्यांनी चौरस लूपशिवाय लिहिलेला असतो, त्यांच्यापैकी काहींचं छप्पर तरीही वर बसत नाही. घराच्या डाव्या कोपऱ्यातून निशाणासारखं बाहेर फडकतं. त्यांनी चौरसाचं चौथं वळण गाळलेलं असतं. चार बाजू झाल्या, आकृती मिटली, मग शेवटचं वळण कशाला? चौरस दिसायला बरोबरच असतो, मात्र कासवाचं तोंड वर राहिलेलं असतं, आणि त्रिकोणाची पहिली बाजू त्याच दिशेने निघते. आकृती संपली म्हणजे रेघ मिटली एवढंच पुरत नाही. कासव निघालं त्या जागी आणि निघालं त्याच दिशेला तोंड करून थांबलं, तरच ती आकृती दुसऱ्या आकृतीशेजारी ठेवता येते. आम्ही वर्गात प्रत्येक फंक्शननंतर पोझिशन() आणि हेडिंग() विचारायची सवय लावतो. ती लागली की निम्म्या चुका मुलं आपणच पकडतात.

फंक्शनला मराठी नाव देता येतं का? पायथन ३ मध्ये येतं. 'त्रिकोण', 'बाजू', 'घर' ही नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात, आणि आपल्या भाषेतली आज्ञा संगणक पाळतो याचं मुलांना अप्रूप असतं. दोन अडचणी मात्र ठाऊक असाव्यात. देवनागरी आकडे प्रोग्रॅममध्ये थेट लिहिले, तर चालत नाहीत. मराठी कीबोर्डवरून १०० उमटलं की पायथन ओळ नाकारतं, तिथे इंग्रजी अंकच हवेत. गंमत अशी की तेच आकडे इनपुट म्हणून टाइप केले आणि मजकुराची संख्या करणाऱ्या इंट() मधून घेतले, तर पायथन ते बिनतक्रार १०० समजतं. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'पायऱ्या' हे नाव काही कीबोर्ड साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. अक्षर दिसायला अगदी नीट, आणि पायथन म्हणतं चूक आहे. नावात असा अर्धा र नको, एवढी खबरदारी पुरते. नव्या मुलांनी सारखा कीबोर्ड बदलत बसू नये. मराठी नावं फक्त फंक्शनांना आणि त्यांच्या चलांना द्यावीत.

चांदणीचा प्रश्न मुलं स्वतःच काढतात. ३६० / ५ करून पंचकोन येतो, चांदणी येत नाही. इथे पुन्हा जमिनीवर चालावं आणि फेरे मोजावेत. पाच टोकांची चांदणी चालताना अंगाचे एक नव्हे, दोन पूर्ण फेरे होतात. म्हणून ७२० / ५, म्हणजे १४४. रंग भरायला बिगिन-फिल आणि एंड-फिल वापरलं, तर मधला पंचकोन काही संगणकांवर रंगतो, काहींवर कोरा राहतो. तो फरक संगणकाच्या चित्र रंगवण्याच्या पद्धतीमुळे पडतो. मुलीच्या प्रोग्रॅममध्ये तो शोधत बसू नये.

३६० भागिले बाजू हे सूत्रही पाठ होऊन जाऊ शकतं, जसे आधी ६० पाठ होते. ते समजलं की पाठ झालं, हे पाहायला शंकरपाळी द्यावी: चारही बाजू १००, दोन कोन ६० चे, दोन १२० चे. ३६० / ४ लावणाऱ्याला चौरस मिळतो. जो कोपऱ्यावर उभा राहून विचार करतो, त्याला कळतं की टोकदार कोपऱ्यावर वळण मोठं, १२०, आणि पसरट कोपऱ्यावर लहान, ६०. एकआड एक घ्यायची, बेरीज तीच ३६०.

मग अशा सहा शंकरपाळ्या एका बिंदूभोवती, दर वेळी ६० अंश फिरून, मांडायला सांगाव्यात. वळणांची सुरुवात १२० ने केली, तर मध्यबिंदूपाशी पसरट कोन येतो, शेजारच्या शंकरपाळ्या एकमेकींवर चढतात आणि रेघांचं जाळं होतं. टोकदार कोन मध्यात यायला हवा असेल, तर वळण १२० चं शेवटी आणि ६० चं आधी. तेव्हाच सहा पाकळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि रांगोळीतलं फूल उमटतं. त्या फुलाच्या फंक्शनमध्ये लूपच्या आतल्या पहिल्या दोन ओळी मुलीने पहिल्या दिवशी लिहिल्या होत्या त्याच आहेत: फॉरवर्ड(१००), राइट(६०).